कुरकुर आणि घरघर

एका वाचकभगिनींनीं गेल्या महिन्यांत पत्र लिहून आपली एक अडचण आम्हांस कळविली आहे. त्यांच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात. दिवाणखान्यांतील संगणक दिवसा मुलांच्या अभ्यासास व रात्रीं यजमानांच्या कामास लागतो. त्या दिवाणखान्याच्या भिंतीस लागूनच सासूबाईंची खोली आहे. यंत्र चालू झालें कीं त्यांतून अखंड हुंकार निघतो, मधून मधून कोणी नखानें पत्रा खरवडावा तशी खरखर होते, आणि सासूबाईंची झोंप उडते. पंखा बदलला, धूळ झाडली, दार लावून पाहिलें. परंतु गुण नाहीं. 'आतां यंत्रच मोडींत काढावें काय?' असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न घरगुती असला तरी क्षुल्लक नव्हे. वृद्ध माणसांची झोंप हें एकत्र कुटुंबांतील मोठें धन आहे. शिवाय हाच प्रश्न आमच्या घरींही उद्भवला होता, व तो सोडवितांना आमच्या हातून एक चूक घडली. ती सांगितल्यावांचून नुसते उपाय सांगणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. म्हणून आधीं उपाय सांगतों, मग चूक सांगतों.

प्रथम आवाज कोठून येतो तें पाहूं. संगणकाच्या पत्र्याच्या डब्यांत, ज्यास बाजारांत कॅबिनेट म्हणतात, हार्ड डिस्क नांवाची एक जड पेटी असते. तिच्या पोटांत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या एका आंसावर फिरतात आणि टोंकाशीं हेड बसविलेला एक बारीक हात त्यांच्यावरून आंतबाहेर धांवत मजकूर वाचतो व लिहितो. जुन्या ग्रामोफोनची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे. परंतु ग्रामोफोनची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई, तर ही ५४०० किंवा ७२०० घेते. तेथें सुई तबकडीस टेकलेली असे. येथें हेड तबकडीपासून सुटें, हवेच्या पातळ थरावर तरंगत असतें, आणि तें अंतर आजच्या डिस्कांत मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी असतें. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें अशा जातीचें पहिलें यंत्र आणलें, तेव्हां त्यांत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या मिनिटास १२०० फेरे घेत, आणि एवढ्या पसाऱ्यांत सुमारें पन्नास लाख अक्षरें मावत. आज तळहातावर राहणाऱ्या पेटींत त्याच्या लाखोंपट मजकूर मावतो.

या पेटीचे आवाज मुख्यतः दोन. पहिला फिरण्याचा. मिनिटास ७२०० फेरे म्हणजे सेकंदास १२०. तेवढ्याच कंपनांचा खर्जांतला हुंकार त्यांतून निघतो. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कचा हुंकार सेकंदास ९० कंपनांचा, म्हणून अधिक खालचा व सौम्य असतो. दुसरा आवाज हाताच्या धांवण्याचा. मजकूर शोधतांना जी खरखर ऐकूं येते ती हीच. पूर्वीं आंस बारीक पोलादी गोळ्यांवर फिरे, त्यामुळें एक कर्कश शिट्टीही येई. या शतकाच्या आरंभापासून गोळ्यांच्या जागीं तेलाचा पातळ थर आला आणि ती शिट्टी बहुतेक गेली. २०१३ पासून कांहीं मोठ्या डिस्कांत हवेऐवजीं हेलियम भरूं लागले. हा वायु हवेच्या सातव्या हिश्शाइतकाच जड असल्यानें तबकड्यांस अडथळा कमी होतो. तरीही जें फिरतें व धांवतें तें थोडेंबहुत वाजणारच.

परंतु एवढीशी पेटी शेजारच्या खोलींतील माणसास जागें कसें करते? याचें उत्तर तंबोऱ्याकडे पाहिल्यास मिळतें. तंबोऱ्याची तार नुसती दोन खिळ्यांवर ताणून छेडली, तर जवळ बसलेल्यासही ती जेमतेम ऐकूं येईल. तीच तार मिरजेच्या कारागिरानें भोपळ्यावर चढविली कीं दिवाणखाना भरून जातो. तार तीच, नाद वाढविला तो तबलीनें व भोपळ्यानें. संगणकांत डिस्क ही तार आणि पत्र्याचें कॅबिनेट हा भोपळा. चार स्क्रूंनीं आवळलेल्या डिस्कचा कंप पत्र्यांत उतरतो, पत्र्यांतून पोकळ लाकडी टेबलांत जातो, आणि टेबल भिंतीस टेकलें असल्यास भिंतींतून पलीकडच्या खोलींत शिरतो. पंख्याचा आवाज बहुतांशीं हवेंतून येतो, म्हणून तो दार लावल्यानें अडतो. डिस्कचा हुंकार बांधकामांतून चालतो, म्हणून दार लावून उपयोग होत नाहीं. घरांत दोन डिस्का एकाच कॅबिनेटमध्यें असल्या तर त्यांची गति किंचित् वेगळी पडते, आणि जवळजवळ जुळलेल्या दोन तारांचा नाद जसा हेलकावे घेतो तसा हुंकार वाढतो व ओसरतो. असा चढउतार सलग आवाजाहून अधिक त्रासदायक होतो.

परीक्षा अगदीं सोपी आहे. यंत्र चालू असतां कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात घट्ट दाबून धरावा. हुंकार कमी झाला तर पत्रा नादत आहे असें समजावें. स्वयंपाकघरांतील लाटण्याचें एक टोंक पत्र्यास व दुसरें कानाशीं लावून निरनिराळ्या जागा तपासल्या, तर पंखा कोठें बोलतो व डिस्क कोठें बोलते हेंही वेगळें कळतें. मोटारीचे मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हर कानाशीं लावून हेंच करतात.

आतां उपाय, स्वस्त तो आधीं. कॅबिनेट टेबलावरून खालीं घ्यावें व भिंतीपासून वीतभर दूर ठेवावें. त्याच्या चार पायांखालीं जाड रबराचे किंवा घोंगडीच्या घडीचे चार तुकडे द्यावेत. बुडाशीं हवेचीं छिद्रें असतात, तीं मात्र झांकूं नयेत. एवढ्यानेंच निम्मी तक्रार मिटल्याचीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. मिटली नाहीं तर डिस्कच्या स्क्रूंखालीं रबरी वॉशर घालून ते बेतानेंच आवळावेत, म्हणजे धातूस धातु टेकणार नाहीं.

याहूनही परिणामकारक उपाय म्हणजे डिस्क टांगणें. जुन्या कॅबिनेटमध्यें सीडी-डीव्हीडीचा एक रुंद कप्पा असतो व आतां तो बहुधा रिकामाच असतो. यंत्र बंद करून, वायर भिंतींतून काढून, तबकड्या थांबेपर्यंत निदान एक मिनिट जाऊं द्यावें. मग शिवणकामाचें रुंद इलॅस्टिक त्या कप्प्याच्या दोन बाजूंस आडवें बांधून त्याचा पाळणा करावा व त्यांत डिस्क आडवी, सपाट ठेवावी. तिच्या खालच्या बाजूस विद्युत्-पट्टी असते. ती पत्र्यास कोठेंही लागतां कामा नये, आणि वायरी सैल राहाव्यात, नाहीं तर कंप त्यांतूनच उतरतो. इलॅस्टिक उष्णतेनें ढिलें पडतें, म्हणून दर सहा महिन्यांनीं तें तपासावें. पाळण्यांत डिस्क असतां कॅबिनेट कधींही हलवूं नये. आधीं डिस्क काढावी, मग हलवावें.

खरखरीवर एक निराळा उपाय जुन्या डिस्कांत होता. हाताचा वेग कमी करून आवाज कमी करण्याची सोय त्यांच्यांतच केलेली असे, व ती १२८ पासून २५४ पर्यंतच्या आंकड्यानें ठरवितां येई. १२८ सर्वांत शांत, २५४ सर्वांत जलद. अलीकडील बहुतेक डिस्कांत ही सोय उरलेली नाहीं. कामाविना वीस मिनिटें गेल्यास तबकड्या थांबवाव्यात, अशी सूचना मात्र संगणकास आजही देतां येते. ती मुदत दोन-चार मिनिटांवर आणूं नये. वारंवार थांबणें व सुरू होणें यानेंही यंत्र झिजतें.

एक गोष्ट मात्र कोणीही करूं नये. आवाज कोंडण्यासाठीं डिस्क स्पंजांत गुंडाळणें किंवा कॅबिनेट कपाटांत बंद करणें हें घातक आहे. बहुतेक डिस्कांची उष्णतेची मर्यादा साठ अंशांची असते, आणि विदर्भांतील वैशाखांत मुळांत हवाच चाळीस अंशांच्या पुढें जाते. शांततेसाठीं यंत्राचा श्वास कोंडूं नये.

आतां आमची हकीकत. आमच्या घरचा संगणक बारा वर्षांपूर्वींचा. त्याच्या डिस्कवर घरांतील जुनीं छायाचित्रें, कुलवृत्तान्ताचीं टिपणें, आणि आमच्या कैलासवासी तीर्थरूपांनीं अखेरच्या दोन वर्षांत नातवंडांस सांगितलेल्या चाळीस गोष्टी त्यांच्याच आवाजांत मुद्रित करून ठेविलेल्या होत्या. मातोश्रींची खोली भिंतीपलीकडे. चार वर्षें त्यांनीं हुंकार सोसला, मग एके दिवशीं म्हणाल्या, "रात्रभर कोणी तरी कुरकुरत असतें रे. म्हाताऱ्या माणसानें कुरकुर केली तर तुम्हीं ऐकून घेत नाहीं, यंत्राची मात्र सगळ्यांनीं ऐकायची!"

आमच्या पुतण्यानें त्याच रविवारीं आजीच्याच शिवणाच्या पेटींतील इलॅस्टिक मागून घेतलें व वर सांगितलेल्या रीतीनें डिस्क पाळण्यांत घातली. हुंकार गेला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मातोश्रींनीं विचारलें, "यंत्र बिघडलें का? काल बंद होतें वाटतें." घरांत सर्वांस मोठें समाधान वाटलें. त्या वेळीं पुतण्या म्हणाला होता, "काका, डिस्क बाहेर काढलीच आहे, तर तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवूं." आम्हीं उत्तर दिलें, "आवाज थांबला ना? मग आतां घाई कसली?"

हीच ती चूक. आवाज गेला त्याबरोबर डिस्कचा विचारही आमच्या मनांतून गेला. दोन वर्षांत दोन दिवाळ्या झाल्या; दोन्ही वेळां झाडलोटींत कॅबिनेट उचलून इकडून तिकडे ठेविलें गेलें, आणि पाळण्यांतील डिस्क आधीं काढावी हें कोणासही आठवलें नाहीं. डिस्क त्यामुळें बिघडली कीं वयोमानानें, हें निश्चित सांगतां येणार नाहीं. परंतु दोष आमचा नव्हता असें म्हणावयास आमची जीभ धजत नाहीं.

एके सकाळीं चहाच्या वेळीं मातोश्री म्हणाल्या, "तुमचा तो डबा कालपासून निराळा वाजतो आहे. टक् टक् करतो, थांबतो, पुन्हा टक् टक् करतो. ही पूर्वींची कुरकुर नव्हे." आम्हीं त्याच यंत्रापुढें रोज दोन तास बसत होतों; आम्हांस कांहींच जाणवलें नव्हतें. आम्हीं हंसून म्हटलें, "आई, तुला भास होत असेल." त्या म्हणाल्या, "चार वर्षें ऐकला आहे त्याचा आवाज. मला भास कसा होईल?" पुतण्यानें जाऊन पत्र्यास कान लावला आणि कांहीं न बोलतां यंत्र बंद केलें.

ती टकटक म्हणजे काय हें प्रत्येक घरीं ठाऊक असावें. तबकडीवर हेडला वाट दाखविणाऱ्या खुणा लिहिलेल्या असतात. हेड किंवा तबकडी बिघडली कीं त्या खुणा सांपडत नाहींत. मग हात मागें जातो, पुन्हा पुढें येतो, पुन्हा चुकतो. हा आवाज एकदां सुरू झाला म्हणजे प्रत्येक फेरींत तबकडीचा पृष्ठभाग खरवडला जाण्याचा संभव असतो. क्वचित् एखादी डिस्क कामाविना हात विसाव्याच्या जागीं नेतांना एकच टक् करते, तें निराळें. परंतु टकटक ठेक्यानें चालू राहिली, सोबत संगणक अडखळूं लागला, किंवा हुंकार चढूं लागला, तर घरघर लागली असें समजावें. यंत्र पुन्हां पुन्हां चालू करून पाहूं नये, डिस्क ठोकूं नये, आणि ती उघडण्याचें साहस तर मुळींच करूं नये. जेथें हेडचें अंतर इतकें सूक्ष्म, तेथें धुळीचा एक कण म्हणजे डोंगर.

त्याच दिवशीं नवी डिस्क आणली. पुतण्यानें विचारलें, "काका, आधीं काय उतरवूं? सगळें निघेल असें दिसत नाहीं." आम्हीं मातोश्रींकडे पाहिलें. त्या म्हणाल्या, "ह्यांच्या गोष्टी." चाळिसांपैकीं सदतीस गोष्टी उतरल्या, छायाचित्रांचा निम्माशिम्मा भाग उतरला, आणि सायंकाळीं डिस्क मजकूर देईनाशी झाली. पुढें ती तज्ज्ञाकडे पाठविली. एका तबकडीवर चरा पडला होता, अधिक कांहीं निघालें नाहीं. राहिलेल्या तीन गोष्टींत मातोश्रींच्या आवडीची एक होती. त्या त्याविषयीं कधीं बोलल्या नाहींत. परंतु चहाच्या वेळीं त्या एवढें बोलल्या नसत्या, तर सदतिसांपैकीं एकही उरली नसती.

कोणी म्हणेल, डिस्क आपली प्रकृति स्वतःच टिपून ठेवते, ती टांचणें पाहिलीं कीं झालें. तीं अवश्य पाहावींत. खराब झालेल्या जागांचा आंकडा वाढूं लागला तर ती धोक्याची खूण आहे. परंतु त्यांवर विसंबूं नये. २००७ सालीं गूगलच्या अभियंत्यांनीं एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत निकामी झालेल्या डिस्कांपैकीं निम्म्याहून अधिक डिस्कांनीं चार मुख्य लक्षणांपैकीं एकही आधीं दाखविलें नव्हतें.

म्हणून आमच्या भगिनींस आमचें उत्तर असें. यंत्र मोडींत काढूं नये. प्रथम आजच, डिस्कला हात लावण्यापूर्वीं, तिच्यावरील मौल्यवान मजकुराच्या दोन प्रती काढाव्यात. त्यांतील एक घरांत आणि दुसरी दुसऱ्या घरीं, लेकीकडे किंवा भावाकडे, ठेवावी. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां पुण्यांतील कितीतरी घरांचे कागद व पुस्तकें एका दिवसांत पाण्यांत गेलीं. एकाच छपराखालच्या दोन प्रती अशा वेळीं दोन राहत नाहींत. त्यानंतर कॅबिनेट खालीं घ्यावें, रबर द्यावें, हवें तर डिस्क टांगावी. खर्च करण्याची तयारी असेल तर रोजच्या कामासाठीं एसएसडी बसवावी. तिच्यांत फिरणारा भाग मुळींच नसतो, म्हणून ती आवाजच करीत नाहीं. जुनी डिस्क सुस्थितींत असल्यास बाहेरच्या पेटींत घालून आठवड्यांतून एकदां प्रत काढण्यापुरती जोडावी, म्हणजे रात्रीं ती कपाटांत राहील. मात्र एसएसडी कधीं बिघडली तर तीही बहुधा आवाजाविनाच बिघडेल, आणि वर्षानुवर्षें वीज न लावतां ठेविल्यास तिच्यावरील मजकुराचा भरंवसा धरवत नाहीं. कुरकुर नाहीं तेथें घरघरही ऐकूं येणार नाहीं, हें शांततेचें मोल आहे. तें प्रती ठेवून चुकवावें लागतें.

आमच्या संगणकांत आतां एसएसडी आहे. दर रविवारीं पुतण्या प्रत काढतो, आणि एक प्रत दर तीन महिन्यांनीं त्याच्या मामांकडे नाशिकास जाते. मातोश्री नव्वदीच्या पुढें गेल्या आहेत व रात्रीं त्यांस झोंप चांगली लागते. कधीं कधीं सकाळीं त्या विचारतात, "तुमचा डबा हल्लीं अगदींच बोलत नाहीं, बरा आहे ना?" आतां आम्ही हंसत नाहीं. उठून शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे तें पाहतों आणि त्यांस सांगतों.